केसपेपरच्या कोपऱ्यात

रविवारी सकाळी वहिनींचा फोन आला, सर रंकाळ्यावर फिरताना पडले, दवाखान्यात नेलंय पण काही राहिलं नाही गं. हार्ट अटॅक. शनिवारी रात्री साडेनऊला ओपीडी संपवून आम्ही एकत्रच खाली उतरलो होतो, "सोमवारी लवकर ये, गर्दी आहे" एवढंच बोलले आणि गाडीला किक मारून गेले. दुपारी पंचगंगेवर सगळं झालं, घरी आले तरी माझ्या डोक्यात ती सोमवारची गर्दीच.

सर सायकियाट्रिस्ट, मी त्यांच्याकडे काउन्सेलर म्हणून १२ वर्षं होते. २०१९ च्या महापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ५५ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४३), तेव्हा शिरोळकडच्या छावणीत मी सरांबरोबर गेले होते. मला वाटलं घरं बुडालेली माणसं, आधी त्यांना बोलतं करायचं, पण सरांनी पहिल्यांदा काय विचारलं तर "फिटच्या, डोक्याच्या गोळ्या कुणाच्या घरात राहिल्यात?" आणि पाच-सहा हात वर झाले. फिटची गोळी एकदम तुटली तर फिट येऊ शकते, ती माणसं त्या गोंधळात कुणाला सांगणार होती?

म्हणून सोमवारी आठलाच दवाखाना उघडला. सरांचे एक मित्र, ते पण सायकियाट्रिस्टच, सांगलीहून येतो म्हणाले. तोवर मी आणि रिसेप्शनच्या काकींनी या आठवड्यात गोळ्या संपणाऱ्यांचे केसपेपर काढले, क्लोझापिनवाले (स्किझोफ्रेनियाची गोळी) सगळ्यात वर, कारण ती दोन दिवसांपेक्षा जास्त चुकली की आधीच्या डोसवर परत चालू करता येत नाही, साडेबारा मिलिग्रॅमपासून हळूहळू चढवावी लागते. मग लिथियमवाले, म्हणजे मूड टोकाला जाण्याच्या आजाराची गोळी घेणारे. काकी डोळे पुसत एकेकाला फोन लावत होत्या आणि मी बोलत होते.

सांगायचं कसं हे सरांनीच शिकवलेलं, की मरणाची बातमी सरळ सांगायची, "बाहेरगावी गेलेत" असलं काही नाही, संशयाचा आजार असलेल्याला तर अजिबात नाही, एकदा खोटं सापडलं की तो गोळीवर पण विश्वास ठेवत नाही. तसंच सांगितलं. "सर काल वारले, तुमच्या गोळ्या चालू ठेवायच्यात, आज दुसरे डॉक्टर आहेत." पलीकडं नुसती शांतता, मग एकेकजण मलाच विचारायचा, तुम्ही बऱ्या आहात न्हवं. ज्यांच्याबद्दल आधी जिवाची काळजी होती त्यांना मी थेट विचारलं, मरायचे विचार येतायत का. असं विचारल्यानं विचार डोक्यात घुसतो हा गैरसमज सरांनी माझ्या पहिल्याच वर्षी काढला होता.

दुपारी करवीरकडचे एक काका आले, डिप्रेशनचे जुने पेशंट. फोन लागलाच नव्हता त्यांना. केबिनमधली रिकामी खुर्ची बघून दारातच थांबले. मी बाकावर शेजारी बसून सांगितलं, ते काहीच बोलेनात. काय करावं सुचेना म्हणून केसपेपर उघडला. सरांना सवय होती, औषधं पेनानं आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं पुढच्या खेपेला काय विचारायचं ते. वाचून मलाच हुंदका आला, कसाबसा आवरला आणि विचारलं,

"काका, म्हैस व्याली का?"

"व्याली की," ते म्हणाले. "रेडी झालीया. सरांस्नी सांगायचं म्हणूनच आज लवकर आलो हुतो."