डावी भुवई, उजवी भुवई: सोळाव्या आठवड्यापर्यंतची नोंद

माझी उजवी भुवई वर आहे आणि डावी खाली. कमानही उजवीकडेच जास्त. वर्षानुवर्षं थ्रेडिंग करून घेताना "दोन्ही सारख्या करा" एवढंच सांगत आले. त्याचा परिणाम असा की डावी वर दिसावी म्हणून तिची खालची कड दरवेळी थोडी थोडी खाल्ली गेली. शेवटी डावी दोरीसारखी बारीक झाली आणि उजवी भरघोस राहिली. उंचीतला फरक होता तिथेच, वर जाडीतला फरक नव्याने आला. तेव्हा ठरवलं की आधी सगळं थांबवायचं, मोजायचं आणि मगच चिमट्याला हात लावायचा.

पहिला आठवडा

मोजमापाची पद्धत सविस्तर लिहिते, कारण मला सगळ्यात जास्त उपयोग तिचाच झाला. हातभर अंतरावरून काढलेला सेल्फी यासाठी चालत नाही. कॅमेऱ्याच्या जवळचा भाग मोठा दिसतो आणि मान जराशी वळली तरी एक भुवई लांब, एक आखूड भासते. मी फोन डोळ्यांच्या उंचीवर टेकवून ठेवला, दोन मीटर मागे सरकले, झूम केलं आणि टायमर लावला. माझी मान नकळत डावीकडे कलते, म्हणून फोटो फिरवून दोन्ही बाहुल्या आधी एका आडव्या रेषेत आणल्या.

आता फोटोतले मिलिमीटर कसे काढायचे? डोळ्यातलं रंगीत वर्तुळ, म्हणजे बुबुळ, बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांत साधारण 11.7 मिमी रुंद असतं. माझ्या फोटोत ते 70 पिक्सेल भरलं, म्हणजे 6 पिक्सेलला 1 मिमी. त्या हिशोबाने दोन्ही कमानींच्या उंचीत 24 पिक्सेलचा, म्हणजे 4 मिमीचा फरक निघाला. केस काढून हा कधीच भरून निघणार नव्हता.

मग दुसरा फोटो काढला. डोळे मिटले, कपाळ सैल सोडलं, दहा अंक मोजले, डोळे सावकाश उघडले आणि चेहऱ्यावर काहीही भाव न आणता बसून राहिले. फरक 11 पिक्सेल! जेमतेम 2 मिमी. माझ्या उंचीतल्या फरकाचा अर्ध्याहून जास्त भाग केसांचा नव्हताच, तो स्नायूचा होता. भुवई वर ओढणारा कपाळाचा स्नायू मी उजवीकडे जास्त वापरते. कॅमेरा समोर आला की, बोलताना, लक्ष देऊन ऐकताना उजवी भुवई आपोआप चढते. आणि आरशासमोर चिमटा हातात घेतला की तेव्हाही चढते. म्हणजे इतकी वर्षं आकार दिला गेला तो चढलेल्या भुवईला. तुमच्याही भुवया वरखाली असतील, तर एक तरी केस काढण्याआधी हे करून बघा, ही कळकळीची विनंती.

(एखादी भुवई किंवा पापणी आत्ताआत्ता, अचानक खाली आली असेल, तर तो आपला विषय नाही. लगेच डॉक्टरांकडे जा.)

तिसरा ते अकरावा आठवडा

नुसती वाट पाहणं. भुवईच्या केसाचा वाढीचा काळ लहान आणि विश्रांतीचा मोठा, त्यामुळे उपटलेला केस परत यायला तीन-चार महिनेही लागतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खालच्या कडेला खुंट आले आणि हात शिवशिवायला लागले. मी चिमटा दुसऱ्या खोलीत ठेवला आणि कडेवरचे भरकटलेले केस कन्सीलरने, म्हणजे त्वचेच्या रंगाच्या मेकअपने, झाकले. ती सवय पुढे फार कामी आली. कुठला केस काढू असं वाटलं की आधी त्यावर कन्सीलर लावून दिवसभर तसंच राहायचं. संध्याकाळी आरशात काही खटकलं, तर तो केस राहू द्यायचा. नवव्या आठवड्यात डाव्या कमानीखाली केसांची एक अख्खी ओळ परत आली. त्या दिवशीचा आनंद अजून आठवतो. टोकाकडची एक जागा मात्र रिकामीच आहे. वारंवार उपटून काही मुळं कायमची बंद पडतात, तशी ती पडली असावीत.

बारावा आठवडा

आखणी. नाकपुडीच्या कडेपासून सरळ वर भुवईची सुरुवात, हा नियम सगळ्यांनाच माहीत आहे. पण माझं नाक किंचित उजवीकडे झुकलेलं. त्या नियमाने डावी भुवई मध्याच्या फार जवळ सुरू होते आणि उजवी लांब. म्हणून नाक सोडून दिलं आणि डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमधलं अंतर धरलं. त्याचा मध्य काढून दोन्हीकडे सारखं माप घेतलं. आयब्रो पेन्सिल घासलेला दोरा ताणून रेषा उमटवल्या. सुरुवात दोन्हीकडे जुळल्याबरोबर चेहरा एकदम शांत दिसायला लागला, तेव्हा उंचीला हातसुद्धा लावला नव्हता.

इथेच माझं मत पक्कं झालं. बघणाऱ्याला आधी जाणवते ती जाडी, मग सुरुवातीची जागा आणि तिथला चढ. 2 मिमीची उंची फार नंतर. त्यामुळे मी जाडी, सुरुवात आणि चढ जुळवते आणि उंचीतला फरक तसाच ठेवते. सूट एवढीच की डाव्या कमानीखालची फक्त एक ओळ काढायची आणि उजवीकडची तीच ओळ राहू द्यायची. दुसऱ्या ओळीला हात लावला की डावी पुन्हा बारीक दिसते. करून पाहिलंय, कन्सीलर लावून.

याच आठवड्यात एक चूक झाली. स्पूलीने, म्हणजे भुवई विंचरायच्या छोट्या ब्रशने, सगळे केस वर विंचरले आणि वरून डोकावणारी टोकं कात्रीने सरळ रेषेत कापली. केस खाली बसवले तर उजवीकडे मधोमध भोक! भुवईच्या सुरुवातीचे केस वर वाढतात, मधले आडवे कलतात, पण वरच्या कडेचे खाली उतरतात आणि मधली जागा तेच झाकतात. मी नेमके तेच आखूड केले होते. आता केस त्यांच्या बसण्याच्या दिशेनेच विंचरते आणि लांब वाटेल तो एकेक करून कापते.

सोळावा आठवडा

भोक जवळपास भरलं. आताचा क्रम असा: कपाळ सैल, दहा अंक, एका बाजूचे दोन-तीन केस, मग दुसऱ्या बाजूचे, मग दोन पावलं मागे. मोठं करून दाखवणारा आरसा फक्त शेवटच्या बारीक लवेसाठी घेते, कारण त्यात एका वेळी एकच भुवई दिसते आणि काम तर दोघींचं आहे. शेवटी फोटो काढते आणि त्यात डावं-उजवं आरशाच्या उलट ठेवून बघते. आरशातल्या स्वतःची डोळ्यांना इतकी सवय असते की उलट्या फोटोतच खोट सापडते. परवा तिथेच दिसलं की उजव्या भुवईचं टोक डाव्यापेक्षा खाली उतरलंय. ते तीन केसांचं काम आहे. त्यांच्यावर सध्या कन्सीलर लावून ठेवलंय, रविवारी ठरवेन.

डाव्या टोकाची रिकामी जागा पेन्सिलच्या बारीक रेघांनी भरते, एक रेघ एका केसाएवढी. पुढचा फोटो विसाव्या आठवड्यात, त्याच जागी, त्याच उजेडात.