पोती श्वास घेत नाहीत

गाडी सात सीटची असली, तरी चाचणीच्या वेळी तिच्यात सात माणसं क्वचितच असतात. दोन माणसं पुढे आणि मागे वाळूची पोती. एका माणसाचे ६८ किलो आणि त्याच्या सामानाचे ७, म्हणजे दर सीटला ७५ किलो असा हिशेब असतो. पोतं बिचारं तक्रार करत नाही, त्याला गाडी लागत नाही आणि धबधबा दिसला म्हणून ते खाली उतरा म्हणत नाही.

जुलैतल्या त्या सकाळी मात्र पोती दुसऱ्या गाडीत अडकली होती. साहेब म्हणाले, "ट्रेनी घेऊन जा की, नाहीतरी बसूनच आहेत." असे पाच ट्रेनी, आमचे जुने ड्रायव्हर मामा आणि मी चाकणहून निघालो. गाडी म्हणजे आमच्याच एका मध्यम आकाराच्या एसयूव्हीचा नवा अवतार. नवं रूप कुणाला कळू नये म्हणून अंगभर काळेपांढरे नागमोडी स्टिकर. पिरंगुटला चहाला थांबलो, तर टपरीवाल्याने स्टिकरची कड नखाने उचलून बघितली. मामांनी नुसतं "ए" म्हटलं, तेव्हा हात मागे घेतला.

माझं काम गुण देण्याचं. प्रत्येक बाबीला दहापैकी. पाच म्हणजे काठावर, सातच्या पुढे गेलं तर गिऱ्हाईक खूश. पौडपर्यंत मी खुशीत होते. मागचं सस्पेन्शन बदललेलं जाणवत होतं. जुनी गाडी भरली की खड्ड्यातून बाहेर येताना दोनदा डुलायची, ही एकदाच बसायची आणि गप्प. दुसऱ्या रांगेची सीट एका हाताने दुमडत होती. तिसऱ्या रांगेत सगळ्यात उंच ट्रेनी बसवला होता. त्याचे गुडघे हनुवटीला लागत होते, पण ते जुन्या गाडीतही लागायचे. सस्पेन्शनला आठ, तिसऱ्या रांगेला पाच. मुळशी धरणाच्या कडेने जाताना मी तसं लिहूनही टाकलं. ताम्हिणीच्या आधी मामांकडून स्टिअरिंग घेतलं.

घाटात पाऊस असा, की वायपर सगळ्यात जोरात असूनही समोरचं वळण अर्धंच दिसत होतं. तरी एका रुंद जागी पोरांनी हट्ट धरला. पाचही जण उतरले, फोटो काढले आणि चिंब होऊन आत आले. दारं बंद झाली, गाडी निघाली. पुढच्या वळणापर्यंत पोचतो न पोचतो तोच समोरची काच आतून पांढरी व्हायला लागली. आधी खालच्या कोपऱ्यात, मग दुधात पाणी पसरावं तशी वर चढत.

जुन्या गाडीत यावर विचार करावा लागत नसे. एसीचा गोल खटका उजवीकडे शेवटपर्यंत फिरवायचा. कट्ट आवाज आला की वारा काचेवर. डोळे रस्त्यावरच. नव्या गाडीत तो खटका गेला होता. त्या जागी स्क्रीनखाली काळी चकचकीत गुळगुळीत पट्टी, तिच्यावर बोट टेकवायचं. काचेवरचं पाणी पुसायला मी नुकताच हात बाहेर घातला होता, बोट ओलं होतं. पट्टीने ते बोट मानलंच नाही. दुसऱ्यांदा टेकवलं तेव्हा दिवा लागला, पण मागच्या काचेचा. दोन्ही खुणा शेजारीशेजारी, दोन्हींत वर जाणारे तीन वळवळीत बाण. पुढच्या काचेची चौकट वरून गोलसर आणि मागच्या काचेची चौकोनी, एवढाच काय तो फरक. त्यात पट्टीवर अक्षरं आली, कॅमेऱ्यासमोर अडथळा आहे म्हणून. आरशामागचा तो कॅमेरा रस्त्यावरच्या पट्ट्या ओळखतो, समोर गाडी आली तर ब्रेक लावायला सांगतो. तोही त्याच काचेतून बघत होता. आम्ही दोघं एकदमच आंधळे झालो.

त्या पांढरेपणात पिवळे दिवे उमटले. हॉर्न ऐकून कळलं, एसटी आहे.

"मॅडम, डावीकडं घ्या आणि थांबा," मामा म्हणाले. आवाज अजिबात चढवला नाही. तेवढ्यात त्यांनी चारही काचा खाली घेतल्या होत्या. खिडक्यांची बटणं अजून खरी होती, दाबली की दबणारी. पावसाचा झोत आत आला, काच मधोमध फाटल्यासारखी स्वच्छ झाली आणि एसटी आमच्या आरशाला चाटून गेली. मामांनी खिशातलं फडकं काढून माझ्या मांडीवर ठेवलं. त्यांच्या दुसऱ्या खिशात तंबाखूची पुडी असते. वायपर बंद पडला की काचेवर बाहेरून चोळायला, असं ते सांगतात.

खाली निजामपूरला गाडी उभी करून मी सगळं तपासलं. इंधन वाचावं म्हणून गाडी आतलीच हवा फिरवत होती आणि बाहेर पाऊस आहे याची तिला फिकीर नव्हती. काचेवरच्या वाफेची एक युरोपीय चाचणी आहे. तीत थंड खोलीत गाडी ठेवून दर सीटला तासाला ७० ग्रॅम वाफ सोडतात. सात सीटची झाली जवळजवळ अर्धा लिटर. वर आमच्या पोरांचे ओले कपडे. तशी चाचणी आमच्याकडेही झाली होती आणि गाडी तीत पास होती. पण तिथे बटण दाबणारा माणूस घाटात गाडी चालवत नसतो.

मग ट्रेनींना एकेक करून ड्रायव्हरच्या जागी बसवलं, हात भिजवले आणि पुढच्या काचेचा दिवा लागेपर्यंत किती वेळ जातो ते उभ्या गाडीत मोबाइलवर मोजलं. सगळ्यांची मिळून सरासरी आली चार सेकंद. ताशी ४० च्या वेगाने चार सेकंदांत गाडी ४४ मीटर जाते. ताम्हिणीत ४४ मीटर सरळ रस्ता कुठे आहे ते दाखवा.

सोमवारच्या बैठकीत मी त्या पट्टीला तीन गुण दिले. डिझाइनवाला तरुण खरोखर दुखावला. त्याचंही चूक नव्हतं, ग्राहकांना तो कोरा डॅशबोर्ड दाखवला तेव्हा सगळ्यांनी वाहवाच केली होती. म्हणाला, बोलून सांगता येतं ना गाडीला. मी म्हटलं, पावसाच्या आवाजात सांगून बघ. मग मी गाड्यांच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेच्या २०२६ पासूनच्या निकषांचा दाखला दिला. हॉर्न, इंडिकेटर, वायपर, धोक्याचे दिवे आणि मदतीचा कॉल यांना खरी बटणं नसली तर तिथे गुण जातात. तो शांतपणे म्हणाला, "यात काचेची वाफ कुठंय?" नाहीये. तिथे मी गप्प बसले.

शेवटी एवढं ठरलं, की वायपर चालू असताना गाडी आपणहून बाहेरची हवा घेईल. ते सॉफ्टवेअरचं काम, स्वस्तात होतं. बटणाचं म्हणाल तर साचा बदलावा लागतो, ते 'विचाराधीन' आहे. आमच्याकडे विचाराधीन म्हणजे काय ते मला अकरा वर्षांत चांगलं कळलंय.

पुढच्या चाचणीचा अर्ज मी स्वतः भरला. वजनाच्या रकान्यात पोत्यांऐवजी लिहिलं, 'माणसं सात, ओली'. दुपारी स्टोअरमधून फोन आला.

"मॅडम, हे 'ओली' टाइप करताना चुकलंय का?"