खणांवरचा वर्ख

जुन्या लाकडाचं काम करतो, त्यामुळे वाडे, तुळया, देवघरं नेहमीचीच. संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) गुलमंडीमागचं ते मेडिकल मात्र डोक्यातून जात नाही. मूळचा हकिमांचा युनानी दवाखाना, १९४८ च्या आधीचा, निजामी अमलातला. आता पुढे इन्सुलिनचा फ्रिज आणि सनमायकाचं काउंटर. मागची अख्खी भिंत मात्र सागवानी खणांची, वर कोरीव कमानी, कमानींत रंगीत काचा. काचा सोडून सगळ्यावर हिरवा ऑइलपेंट. दाराला आणलेला डबा उरला की तो असा कुठेतरी संपवायचाच, ही आपल्याकडची रीत.

माझ्या आधी काँट्रॅक्टरच्या पॉलिशवाल्यानं हीटगन लावून वरची ओळ ‘साफ’ केली होती. लाकूड अगदी गुळगुळीत. खाली पडलेली पेंटची एक पापडी मी उलटी केली, तर पाठीवर सोनेरी उर्दू अक्षरं, पण उलटी. मालकाच्या अब्बांनी ती दाढीच्या आरशासमोर धरून वाचली: उन्नाब. म्हणजे औषधी बोर, त्या खणातल्या औषधाचं नाव.

मूळ कारागिरानं चपडा लाखेचे हात देऊन त्यावर वर्खानं अक्षरं काढलेली. खरा वर्ख, पितळी भुकटी असती तर एव्हाना काळवंडली असती. लाख उष्णतेनं मऊ पडते, स्पिरिटनं विरघळते. स्पिरिट ऑइलपेंटचं काही करत नाही, पण फटीतून आत शिरलं की खालची लाख सुटते आणि पापडी अलगद निघते. अक्षरं घेऊनच! म्हणजे दोन्ही सोप्या वाटा बंद. मग सर्जिकल ब्लेड आडवं धरून, भिंगाखाली, कोरडं खरवडणं. पेंट पातळ करत न्यायचा आणि शेवटचा पदर टोकानं उचलायचा. एका खणात अख्खा दिवस जातो. पण गुलबनफशा निघाला, बेहदाना निघाला, खत्मी निघाली.

“मेरेको सब एकसरीखा होना,” मालक म्हणाला. “बाकी का पेंटर से लिखवा लेंगे.”

मी म्हटलं, उरलेले हिरवेच राहू द्या, आतलं सोनं कुठे जात नाही. अब्बांनी माझी बाजू घेतली. पेंट त्यांनीच मारून घेतला होता, युनानी बंद करून अ‍ॅलोपॅथीचं लायसन्स काढलं तेव्हा.

मालकानं ऐकलं, आणि हिरव्या खणांचे पैसे माझ्या बिलातून कापले. पॉलिशवाल्याला वरच्या ओळीचे पूर्ण मिळाले. काँट्रॅक्टरनंच सांगितलं, हसत.