रिकाम्या हातानं एंट्री घ्यायची नाही

आपल्या शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिका समितीतल्या मित्रानं फोन करून सांगितलं की तू सिक्युरिटी कन्सल्टंट, म्हणजे कंपन्यांच्या कॉम्प्युटरची आणि ऑफिसची सुरक्षा तपासणारा, कसा झालास ते लिही, मुलांना दिशा मिळेल. आता दिशा वगैरे माझ्याकडून नका घेऊ, कारण मी डिप्लोमा केला इलेक्ट्रॉनिक्सचा, पहिली नोकरी टीव्ही रिपेअरच्या दुकानात, मग पुण्यात जाऊन कॉम्प्युटर असेंबल करून विकले, सायबर कॅफे सांभाळला, एका ऑफिसात नेटवर्क बघणारा पोरगा म्हणून लागलो, आणि हे सगळं चालू असताना संध्याकाळी हौशी नाटकांना लाइट्स. याला करिअर म्हणतात हे मला लिंक्डइन आल्यावर कळलं.

पण शाळेशी याचा संबंध आहे, आणि तो कॉम्प्युटर लॅबशी नाही, कारण आमच्या वेळी ती नव्हतीच. मराठीच्या बाईंनी एकदा गॅदरिंगला गोंधळी बोलावले होते, आठवतंय का कोणाला? त्यांनी करपल्लवी करून दाखवली. प्रेक्षकांतल्या कोणीतरी एकाच्या कानात नाव सांगायचं, तो नुसत्या हातानं खुणा करणार आणि स्टेजच्या पलीकडचा दुसरा ते नाव बरोब्बर म्हणणार. आम्ही अवाक. बाईंनी दुसऱ्या दिवशी वर्गात फोड करून सांगितली: सापाचा फणा केला की स्वर, कमळ केलं की क-वर्ग, चक्र फिरवलं की च-वर्ग, धनुष्याचा टंकार म्हणजे ट-वर्ग, आणि असंच पुढे, मग वर्गातलं कितवं अक्षर ते बोटांनी आणि मात्रा चुटकीनं. म्हणजे 'म' हवा तर प-वर्गाची खूण आणि पाच बोटं. झालं, आमच्या दहावी क च्या मागच्या बाकाला गप्पा मारायचं फुकट साधन मिळालं. अडचण एवढीच की बाईंनाही ते येत होतं आणि त्या शांतपणे आमच्या गप्पा वाचायच्या. मग आम्ही ठरवलं की सोमवारी सगळं एक वर्ग पुढे सरकवायचं, मंगळवारी दोन, बुधवारी तीन, आणि बाईंचा चेहरा कोरा झाला (निदान आठवडाभर तरी). खूप वर्षांनी पुस्तकात वाचलं की ऑगस्त केर्कहॉफ्स नावाच्या डच भाषाशिक्षकानं १८८३ मध्येच लिहून ठेवलंय, की पद्धत शत्रूला माहीत आहे असंच धरून चाला, गुप्त ठेवायची ती फक्त किल्ली. वाचून हसू आलं, आमचा वार म्हणजे ती किल्ली होती की.

कामाचं वळण आलं ऑगस्ट २००३ मध्ये. ब्लास्टर नावाचा वर्म (नेटवर्कवरून आपोआप पसरणारा व्हायरससारखा प्रोग्राम) आला होता, ऑफिसातले विंडोज एक्सपी वाले कॉम्प्युटर आपोआप ६० सेकंदांची उलटी गिनती दाखवून बंद व्हायचे, परत चालू झाले की परत तेच. मी टेबलाटेबलावर पळत 'शटडाऊन मायनस ए' टाइप करून गिनती थांबवायचो आणि मग पॅच, म्हणजे ते भोक बुजवणारा दुरुस्तीचा प्रोग्राम, टाकायचो. गंमत म्हणजे तो पॅच मायक्रोसॉफ्टनं १६ जुलैलाच दिला होता. जवळजवळ महिना सगळे तसेच बसून होते! तेव्हापासून मला मशीनपेक्षा माणसं का बसून राहतात यात जास्त इंटरेस्ट आला आणि मी सिक्युरिटी ऑडिटकडे वळलो.

आता सगळ्यात मजेदार भाग. कंपन्या आम्हाला पैसे देतात की आमच्या ऑफिसात गुपचूप शिरून दाखवा. खिशात परवानगीचं सहीशिक्क्याचं पत्र असतं, ते नसेल तर आयटी कायद्याच्या ६६ कलमाखाली तीन वर्षांपर्यंत आत, त्यामुळे मी पाकीट विसरेन पण पत्र नाही. एकदा गणपतीत गेलो, दोन्ही हातांत मोदकांचे बॉक्स, आरतीची वेळ, आणि पुढच्या माणसानं आपलं कार्ड लावून माझ्यासाठी दार धरलं, वर 'या या' पण म्हणाला. सर्व्हर रूमपर्यंत कोणी नाव विचारलं नाही. हे मला कुठल्या सर्टिफिकेशननं शिकवलेलं नाही, आपल्या नाटक बसवणाऱ्या सरांनी शिकवलंय, ते तालमीत ओरडायचे की रिकाम्या हातानं एंट्री घेऊ नकोस, हातात काहीतरी आण म्हणजे हा कोण असं प्रेक्षक विचारत नाहीत. मी सांगलीचा माणूस आहे, १८४३ ला मराठी नाटक इथं उभं राहिलं, एवढा फायदा तर व्हायलाच पाहिजे.

फक्त एक गोष्ट मी रिपोर्टमध्ये कधीच लिहीत नाही, गेटवरच्या वॉचमनचं नाव. क्लायंट हमखास मागतो. पण ज्या माणसानं मागच्या महिन्यात एका साहेबाला ओळखपत्र विचारलं म्हणून बोलणी खाल्ली तो मला कशाला अडवेल? दोष साहेबाचा असतो आणि काढून टाकतात वॉचमनला, हे मला अजिबात पटत नाही आणि यावरून दोन-तीन कामं गेली पण आहेत, जाऊ देत.

बाकी लाइट्स अजून करतो, सांगलीत भावे नाट्यमंदिरात काम असेल तर पुण्याहून येतो, पण २०२२ पासून सर्ट-इनचा (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचा) नियम आहे की हॅकिंगसारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं, त्यामुळे क्लायंटचा फोन वाजला की तालीम सोडून पळावं लागतं आणि दिग्दर्शक मला शिव्या घालतो. लॉकडाऊनमध्ये मोडी लिपी शिकलो. आधी पानभर रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं, शब्द तोडायचे नाहीत, आणि ऱ्हस्वदीर्घाचा त्रासच नाही, आपल्या बाई ऐकत असतील तर माफ करा पण मोडी असती तर माझे शुद्धलेखनाचे मार्क गेले नसते. सध्या एक एकांकिका लिहितोय, त्यात दोन पात्रं एकमेकांशी फक्त करपल्लवीत बोलतात, प्रेक्षकांना कळेल का यावर ग्रुपमध्ये भांडणं चालू आहेत.

तर समितीला सांगायचं म्हणजे, महोत्सवाच्या कार्यक्रमाचे लाइट्स मी बघतो, पैसे नकोत, पण हॉलच्या वायरिंगला किती लोड झेपतो ते आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून ठेवा. आणि शाळेच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरचा पासवर्ड शाळेचं नाव आणि पुढे स्थापनेचं साल असा असेल तर स्मरणिका छापायच्या आत बदला, पहिल्याच पानावर दोन्ही येणार आहे.