मागचा ब्रेक घासत होता

सायकल मोहिमेत मी बहुतेक वेळा सगळ्यांच्या मागे असतो. ‘स्वीप’ म्हणतात या कामाला. गटातला शेवटचा माणूस ज्या वेगानं जाईल, तोच माझा वेग. पंक्चर काढणं, तुटलेली चेन जोडणं ही कामं सगळ्यांना दिसतात, पण दिवसभराचं खरं काम म्हणजे पुढच्या माणसाची पाठ बघत राहणं. मनाली-लेह रस्त्यावरचा सरचू ते पांग हा टप्पा मी त्या वर्षी पाचव्यांदा करत होतो.

पुढे होते कोल्हापूरचे काका. वय ५६, सगळा जन्म उद्यमनगरात लेथवर गेलेला. कान असा तयार, की मनाली सोडली त्या सकाळी पुढे चाललेल्या एका पोराला मागूनच म्हणाले, “बाळ, तुझी चेन दातावर नीट बसंना झालीया, थांब.” थांबून पाहिलं तर खरंच डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, वाकला होता. मुक्कामी पोचले की चहाच्या आधी सायकल उलटी करायचे, चाक फिरवायचे आणि डोळे मिटून ऐकत बसायचे.

सरचू साधारण ४,३०० मीटरवर आहे. तिथून त्सरप नदीच्या कडेनं वीसएक किलोमीटर सोपा रस्ता, आणि मग गाटा लूप्स: एकाच डोंगराच्या अंगावर २१ वळणं, जवळपास साडेचारशे मीटरचा चढ. सकाळी काकांचा ऑक्सिमीटरचा आकडा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, ७९ आली होती. गटातल्या एका मुलीचा ७४ होता आणि ती सगळ्यांच्या पुढे निघून गेली होती. त्या उंचीवर असे आकडे येतातच. काका जेवले होते, डोकं थोडं जड आहे म्हणाले होते. थोडं जड तर माझंही होतं.

बाराव्या-तेराव्या वळणावर मला आवाज आला. खस्... खस्... चाकाच्या दर फेऱ्याला एकदा. स्पोक सैल होऊन रिम एका जागी वाकली होती आणि तिथं ब्रेकचा रबर घासत होता. मी ओरडून सांगितलं, “काका, मागचा ब्रेक घासतोय, थांबा, सैल करून देतो.”

“हो हो,” म्हणाले आणि पॅडल मारत राहिले.

मला वाटलं, चढावर लय तोडायची नसेल. चढावर उतरून पुन्हा सुरू करणं किती जिवावर येतं, ते तिथं सायकल चालवलेल्यालाच कळतं. मीही गप्प बसलो. पण तो आवाज पुढची सहा-सात वळणं चालू होता, आणि तो आवाज ऐकू येत नाही असं त्या माणसाच्या बाबतीत होणं शक्य नव्हतं.

वरच्या वळणांपाशी एक छोटं, देवळीसारखं ठाणं आहे. बंद पडलेल्या ट्रकपाशी राहिलेला एक क्लीनर तिथं पाण्यावाचून, थंडीनं गेला, असं सांगतात. येणारे-जाणारे त्याच्यासाठी पाण्याची बाटली ठेवतात, तिथं बाटल्यांचा ढीगच झालाय. काकांनी ही गोष्ट ऐकल्यापासून त्यांच्या मनानं घेतलं होतं. सरचूत त्यांनी मुद्दाम एक बाटली विकत घेतली आणि जर्सीच्या मागच्या खिशात खोचली. ती बाटली माझ्या डोळ्यांसमोर होती. काका ठाण्यापासून चार हातांवरून गेले आणि त्यांनी मानसुद्धा वळवली नाही.

तिथंच थांबवायला हवं होतं. तिथून मागे फिरलं तर सरळ उतार होता. मी थांबवलं नाही, आणि त्याची टोचणी आजही आहे.

नकी ला ही पहिली खिंड, ४,७३९ मीटर. पलीकडे व्हिस्की नाला, तिथं आमची गाडी आणि जेवण. काका तंबूत बसले, ताटातल्या डाळभाताकडे बघत राहिले. मी म्हटलं, “काका, जरा बाहेर या. या रेघेवर टाचेला बोट लावत दहा पावलं चाला.”

“शाळेतल्यागत?” म्हणाले, पण उठले. तिसऱ्या पावलाला उजवीकडे झुकले. पाचव्याला मी धरलं.

उंचीवर मेंदूला सूज यायला लागली की माणसाचा तोल जातो. अशा वेळी मुख्य इलाज म्हणजे लगेच खाली उतरणं. आणि व्हिस्की नाला हा नेमका दोन खिंडींमधला खळगा. पुढे लाचुंग ला, पाच हजार मीटरच्या वर, जिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास. त्यापलीकडे उतार, पण तो संपतो पांगला, साधारण ४,६०० वर, म्हणजे सरचूपेक्षाही उंच. गटातले दोघंतिघं म्हणाले, पांगला लष्कराचा तळ आहे, तिथं मदत मिळेल. चुकीचं नव्हतं ते. पण पांगच्या पुढे मोरे मैदान आणि मग तांगलांग ला, ५,३००च्या वर. त्या बाजूला लवकर खाली जायला रस्ताच नाही. मी मागे फिरायचं ठरवलं.

काका गाडीत बसायला तयार होईनात. “दीड वर्ष तयारी केलीया मी, पोरा.” आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. मी काही समजावत बसलो नाही. दार उघडलं, ऑक्सिजनचा मास्क लावला, सायकल टपावर बांधली. गट लीडरबरोबर पुढे गेला.

नकी ला पुन्हा चढून लूप्स उतरलो, सरचूला थांबलोच नाही. खाली जाण्यासाठी बारालाचा लाही ओलांडावा लागतो, तोही ४,९०० च्या घरात. त्या तासाभरात मी दर पाच मिनिटांनी त्यांना नातवंडांची नावं विचारत होतो. एकदा दोन नावं राहिली. झिंगझिंगबार मागे पडल्यावर चारही आली, धाकट्याच्या बारशाच्या गोष्टीसकट. केलाँगच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून रात्रभर ठेवून घेतलं.

सकाळी मी चहा घेऊन आलो, तर काका पायरीवर बसलेले, पुढ्यात सायकल उलटी. चाक फिरत होतं. खस्... खस्...

“अरे, हे असं घासत मी चालवली? आणि तू बोलला नाहीस मला?”

“बोललो होतो काका. तुम्ही ‘हो हो’ म्हणालात.”

त्यांनी चाक हातानं थांबवलं. बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मग खिशातली बाटली काढून माझ्या हातात दिली. “तू परत वर जाशील नव्हं? तेवढी ठेव तिथं.”

स्पोकची चावी मागून घेतली आणि रिम सरळ करायला बसले.