अथेन्स ते स्पार्टा : दादाच्या सोबतीने 195 किलोमीटर

स्पार्टाथलॉन ही 246 किलोमीटरची शर्यत 36 तासांत पुरी करावी लागते. सप्टेंबरच्या अखेरीस एका शुक्रवारी सकाळी सात वाजता ती अथेन्समध्ये अक्रोपोलिसच्या पायथ्याशी सुरू होते आणि शनिवारी संध्याकाळी सात वाजता स्पार्टातील लिओनिदास राजाच्या पुतळ्यापाशी संपते. माझा थोरला भाऊ या शर्यतीत धावला, तेव्हा मी आणि माझे यजमान त्याचे क्रू, म्हणजे वाटेतले मदतनीस, म्हणून भाड्याची गाडी घेऊन त्याच्या आगेमागे होतो. दादा 195व्या किलोमीटरला तेगेआच्या चेकपॉइंटवर, म्हणजे ठरलेल्या वेळेत गाठायच्या तपासणी-थांब्यावर, सहा मिनिटे उशिरा पोहोचला आणि तिथेच त्याची शर्यत थांबवण्यात आली. ती सहा मिनिटे कुठे गेली हे मला आता नेमके ठाऊक आहे. त्यांतली बरीचशी आमच्या हातून गेली, त्याच्या पायांतून नव्हे, म्हणून हा वृत्तांत मुख्यतः पुढे क्रू म्हणून जाणाऱ्यांसाठी लिहीत आहे.

36 तासांची मर्यादा इतिहासातून आली आहे. मॅरेथॉनच्या लढाईआधी अथेन्सहून मदत मागायला निघालेला निरोप्या दुसऱ्याच दिवशी स्पार्टाला पोहोचला, असे प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहिले आहे. माणसाला हे खरोखर जमेल का, हे पाहण्यासाठी 1982 साली ब्रिटिश हवाई दलातील जॉन फोडेन आणि त्यांचे सहकारी हा मार्ग धावले आणि त्यांच्यातील तिघे स्पार्टाला पोहोचले. पुढच्याच वर्षी शर्यत सुरू झाली आणि ती ग्रीसच्याच यानिस कुरोस यांनी जिंकली. भारतातर्फे 2017 साली किरेन डिसोझा यांनी ती पूर्ण केली, तेव्हापासून दादाच्या डोक्यात हे नाव घर करून बसले होते.

नुसते मनात येऊन इथे उभे राहता येत नाही. पात्रतेच्या अनेक वाटांपैकी एक म्हणजे पुरुषांनी 100 किलोमीटर दहा तासांच्या आत धावणे, आणि ते जमले तरी पुढे सोडत असते. दादा साताऱ्यात महाविद्यालयात शिकवतो. तीन वर्षे तो पहाटे साडेतीनला उठून यवतेश्वरचा घाट चढत कासच्या रस्त्याला लागायचा आणि साडेनऊच्या तासाला फळ्यासमोर हजर असायचा. शनिवारी 50 किलोमीटर आणि रविवारी त्याच दुखऱ्या पायांनी आणखी 35, असा त्याचा नेम होता. एप्रिल-मे महिन्यांत अंगाला उन्हाची सवय व्हावी म्हणून भर दुपारी तो कोरेगावच्या रस्त्यावर धावायचा, तेव्हा रसवंतीवाले त्याला थांबवून सावलीत बसवू पाहत. रात्री साडेआठला घरातले दिवे मालवले जात. या तीन वर्षांत वहिनीने एकाही लग्नात त्याच्यासोबत रात्रीच्या पंगतीला बसून जेवण केलेले नाही. अशा धावपटूचे कष्ट त्याच्या एकट्याचे नसतात, हे मी जवळून पाहिले आहे.

आता तयारीविषयी. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे ग्रीससह युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि तो लवकर करणेच शहाणपणाचे आहे. गाडी चालवणाऱ्याने आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा. ग्रीसमध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे शर्यतीच्या आधी किमान एक दिवस, आणि तोही अंधारात, सराव करणे अत्यावश्यक आहे. रात्री दोन वाजता डोंगराळ वळणांवर झोपाळू डोळ्यांनी हे शिकता येत नाही. खाण्याच्या बाबतीत लक्षात ठेवायची गोष्ट अशी की युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, चक्का, तुपातले लाडू घरीच राहू द्यावेत. आम्ही गुळाची शेंगदाणा चिक्की, राजगिऱ्याच्या वड्या, लिंबाचे गोड लोणचे आणि मेतकूट नेले होते. तिथले दही फार घट्ट असते. त्यात पाणी आणि मीठ घालून पातळसर कालवलेला भात दादाच्या पोटाला शंभराव्या किलोमीटरनंतरही चालला, तेव्हा धावताना खायची विकतची एनर्जी जेलची पाकिटे त्याला नुसती पाहवतही नव्हती.

मार्गावर 75 चेकपॉइंट आहेत आणि प्रत्येकाला बंद होण्याची वेळ ठरलेली आहे. क्रूला त्यांपैकी ठराविक ठिकाणीच धावपटूला मदत करता येते; मधल्या रस्त्यावर गाडी त्याच्या बाजूने चालवणे किंवा खिडकीतून बाटली देणे हा नियमभंग ठरतो आणि त्याची शिक्षा धावपटूला भोगावी लागते. जिथे क्रूला मनाई आहे, तिथे शर्यतीच्या आदल्या दिवशी आपली पिशवी चेकपॉइंटचा क्रमांक लिहून सोपवता येते. या पिशव्यांची वाटणी दोघांनी मिळून, कागदावर वेळ आणि तापमान मांडून करावी. आम्ही ती हॉटेलच्या खोलीत घाईघाईने केली आणि त्याचा परिणाम पुढे भोगला.

या शर्यतीची खरी मेख पहिल्या 81 किलोमीटरांत आहे. कोरिंथचा कालवा ओलांडल्यावर येणारा मोठा चेकपॉइंट साडेनऊ तासांत गाठावा लागतो, म्हणजे ताशी साडेआठ किलोमीटरचा वेग, तोही दिवसाच्या सर्वांत कडक उन्हात, आधी अथेन्सच्या वाहनांच्या गर्दीतून, मग एलेफसिनाच्या बाजूच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांजवळून आणि त्यानंतर समुद्रकाठच्या सावली नसलेल्या रस्त्याने. उरलेल्या 165 किलोमीटरांना साडेसव्वीस तास मिळतात, म्हणजे ताशी सव्वासहा किलोमीटर पुरतात. जो सावकाश जाईल तो कोरिंथलाच बाद होतो आणि जो जोरात जाईल तो कोरिंथला पोहोचतो खरा, पण पुढच्या रात्रीसाठी त्याच्या अंगात काही उरत नाही. माझ्या मते हातात वीस ते तीस मिनिटे राखून कोरिंथला येणे हे योग्य माप आहे. दादा 26 मिनिटे राखून आला, म्हणजे त्याने आपले काम चोख केले होते.

चूक आम्ही केली. त्याला खुर्चीत बसवले, मोजे बदलले, भात भरवला, पाठीवर ओला टॉवेल टाकला आणि फोन लावून वहिनीशी बोलायला दिले. सारे प्रेमाने चालले होते आणि त्यात चौदा मिनिटे गेली. उठल्यावर त्याचे पाय इतके आखडले होते की पुढचा एक किलोमीटर तो धावू न शकता नुसता चालतच गेला. क्रूने प्रत्येक थांब्याला किती मिनिटे द्यायची हे घरूनच ठरवून न्यावे. कोरिंथला पाच आणि इतरत्र दोन पुरेत. खुर्ची गाडीतून काढूच नये. एकाने बाटल्या भराव्यात, दुसऱ्याने फक्त घड्याळ पाहावे आणि वेळ संपताच धावपटूच्या पाठीवर हात ठेवून त्याला रस्त्याला लावावे. तो आर्जवे करील, रागावेल, तरीही.

प्राचीन कोरिंथच्या पुढे गावे सुरू होतात आणि मन निवते. द्राक्षांचे मळे, संध्याकाळचा उतरलेला प्रकाश, आणि वह्या घेऊन रस्त्यावर उभी असलेली शाळकरी मुले, जी प्रत्येक धावपटूची सही मागतात, मग तो पहिला असो वा शेवटचा. दादाने पाच-सहा मुलांना मराठीत सही करून दिली. त्या सह्यांना लागलेल्या मिनिटांचा हिशेब मी मुद्दाम ठेवलेला नाही.

नेमेआच्या आधी, 120 किलोमीटरच्या आसपास त्याला उलट्या सुरू झाल्या. उन्हात घाम गेल्याने तो सारखे साधे पाणी पीत होता आणि तोंडाला गोड नको म्हणून क्षारांची पेयेही त्याने बंद केली होती. अशा वेळी शरीरातील सोडियम पातळ होत जाते. मळमळ, सुजलेली बोटे आणि गोंधळलेले बोलणे ही त्याची लक्षणे आहेत, आणि ती दिसत असताना आणखी पाणी पाजणे धोक्याचे आहे. त्याची अंगठी बोटात रुतलेली पाहून मी पाणी थांबवले, चेकपॉइंटवरच्या डॉक्टरांना दाखवले आणि त्यांच्या सांगण्यावरून खारट सूप घोटघोट दिले. तासाभराने तो सावरला. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या आम्ही सोबत ठेवल्याच नव्हत्या, कारण पाणी कमी पडलेल्या आणि स्नायू झिजत असलेल्या शरीरात त्या मूत्रपिंडांवर घाव घालतात. लघवीचा रंग कोकाकोलासारखा झाला तर शर्यत तिथेच संपवायची, हे दादाने स्वतः आम्हाला निघण्यापूर्वी बजावले होते. असा निर्णय धावपटूच्या भानावर सोडू नये. तो आधी ठरवून क्रूच्या हाती द्यावा.

160 किलोमीटरच्या आसपास पार्थेनिओ डोंगराचा पायथा येतो. त्या निरोप्याला याच डोंगरात पॅन हा देव भेटला, असे हिरोडोटस सांगतो. डांबरी रस्ता इथे सुटतो आणि सुट्या दगडांची पायवाट, हेडलॅम्पच्या उजेडात, सुमारे 1,200 मीटर उंचीच्या खिंडीकडे चढते. क्रूची गाडी वळसा घालून पलीकडे नेस्तानीला जाते. सह्याद्रीत चढ-उतार केलेल्या माणसाला ही वाट कठीण वाटायची नाही, पण सह्याद्रीत कोणी वीस तास धावून चढाला लागत नाही. दादा चढला चांगला. मात्र खिंडीत बोचरे वारे होते आणि त्याचे जाड जॅकेट आम्ही नेस्तानीच्या पिशवीत, म्हणजे डोंगराच्या पलीकडे ठेवले होते. गाडीत होता तो केवळ पातळ विंडचीटर. उन्हाने दिवसभर भाजलेल्या आणि पोट रिकामे असलेल्या माणसाला थंडी फार लवकर पकडते. तो कापत, एकेक पाऊल चाचपत उतरला आणि उतारावर जी पंधरा-वीस मिनिटे कमवायची असतात ती त्याने गमावली. जॅकेट, हातमोजे आणि कोरडा बनियन डोंगराच्या अलीकडेच हाती यायला हवेत. 2018 साली या शर्यतीला भूमध्य समुद्रावरच्या वादळाने गाठले होते, त्यामुळे हवामानाचा अंदाज कितीही चांगला असला तरी पावसाचे कपडे वगळू नयेत.

नेस्तानीनंतर सकाळ झाली आणि तो पुन्हा धावू लागला. सपाट शेतांमधून जाणाऱ्या त्या रस्त्यावर मी त्याला शेवटचे धावताना पाहिले, मान डावीकडे कललेली, पण पावले एकसारखी. तेगेआला अधिकाऱ्यांनी त्याचा बिब, म्हणजे छातीवरचा क्रमांक, काढून घेतला तेव्हा त्याने त्यांचे हात हातात घेऊन आभार मानले. गाडीत बसल्यावर त्याने एवढेच विचारले, "ताई, किती मिनिटं?" मी सहा म्हटले. तो मला लहानपणापासून ताई म्हणतो, मी धाकटी असूनही.

संध्याकाळी आम्ही स्पार्टात होतो. त्याच्याच हट्टामुळे आम्ही पुतळ्याजवळच्या रस्त्यावर उभे राहिलो आणि शेवटच्या तासात येणारे धावपटू पाहिले. प्रत्येक जण लिओनिदासच्या पायांना हात लावतो, त्याच्या डोक्यावर ऑलिव्हच्या पानांचा मुकुट चढतो आणि युरोटास नदीचे पाणी त्याला पाजले जाते. रात्रीचा मुक्काम स्पार्टातच ठेवावा, हे कळकळीने सांगते. क्रूनेही 36 तास झोप घेतलेली नसते आणि अपघात नेमके परतीच्या वाटेवर होतात.

रविवारी दुपारी आम्ही महामार्ग टाळून, शर्यतीच्याच रस्त्याने तेगेआकडे उलटे निघालो. दादा पुढच्या सीटवर वही घेऊन बसला होता. न धावलेल्या त्या 51 किलोमीटरांतला प्रत्येक चढ, सावलीची जागा आणि स्पार्टाच्या अलीकडचा लांब उतार तो किलोमीटरच्या आकड्यासह उतरवून घेत होता आणि दोनदा त्याने गाडी थांबवून, जिन्यावरून उतरावे तसे आडवे पाय टाकत, रस्त्याची कड स्वतः पाहून घेतली.