सर्व्हेयर अपडेट: उड्या थांबल्या, आता मुद्दाम मारायच्या आहेत

थांबला! एकदाचा थांबला. परवा रात्री पावणेदोनला माझा सर्व्हेयर (ऑर्बिटर या अवकाश-सिम्युलेटरसाठी मी बनवत असलेलं, नासाचं १९६०च्या दशकातलं मानवविरहित चांद्रयान) उतरला, तिन्ही पाय टेकले आणि तसाच उभा राहिला. पाच मिनिटं मी नुसता स्क्रीनकडे बघत बसलो. माउसला हात लावायची भीती वाटत होती.

मागची रडगाणी वाचलेल्यांना पार्श्वभूमी सांगायला नको. मेश (यानाचा त्रिमितीय आकार) तयार, टेक्सचर (त्यावरचा रंग-पोत) तयार, रेट्रो मोटर (वेग मारणारं मोठं रॉकेट) ४० सेकंद जळून सुटते, तिन्ही व्हर्नियर (उतरण्याची छोटी इंजिनं) नीट थ्रॉटल होतात. हे सगळं सुरळीत पार पडून पाय जमिनीला लागले, की यानाच्या अंगात यायचं. माझ्या मशीनवर नुसती थरथर. पण टेस्टिंगला दिलेल्या मित्राचा निरोप असा: "अरे, तुझं यान उतरून परत उडालं. इंजिनं बंद आहेत. आत्ता दोनशे मीटरवर आहे आणि वरच चाललंय." सोबत स्क्रीनशॉट, त्यात सोलर पॅनल खाली आणि पाय आकाशाकडे.

ऑर्बिटर २०१६ पासून टचडाऊन पॉइंट (यान जमिनीला टेकतं त्या जागा) म्हणजे नुसते तीन बिंदू राहिलेले नाहीत. प्रत्येक बिंदू ही एक स्प्रिंग आहे. तिला स्टिफनेस (ताठपणा), डॅम्पिंग (हेलकावे शमवण्याची ताकद) आणि घर्षणाचे आकडे आपणच द्यायचे. आपल्यातले बहुतेक जण त्यासाठी एकच सूत्र डोळे झाकून चिकटवतात: वस्तुमान गुणिले ९.८१, भागिले (तीन पाय गुणिले किती रुतू द्यायचं ते). हा झाला स्टिफनेस. वस्तुमान आणि स्टिफनेसच्या गुणाकाराचं वर्गमूळ घ्या, १.८ ने गुणा, की डॅम्पिंग. मीही चिकटवलं. पाय मातीत रुतलेले दिसू नयेत म्हणून रुतण्याला फक्त २ सेंटिमीटर दिले.

मग तीन आठवडे मी चुकीच्या जागी खणत होतो. घर्षण कमी केलं, वाढवलं. पीएमआयचे (वस्तुमान यानात कसं विखुरलंय त्याचे) आकडे पुन्हा काढले. पायांचे बिंदू बाहेर सरकवले. एकदा पहिल्या तीन बिंदूंचा क्रमच उलटा लिहिला, तर यान डोक्यावर उभं राहिलं, आणि गंमत म्हणजे तसं मात्र अगदी शांत उभं होतं! (नवशिक्यांसाठी: त्या तीन बिंदूंच्या क्रमावरून ऑर्बिटर यानाची वरची बाजू ठरवतो. इथली अक्षांची (एक्स, वाय, झेड) रचना डावखुरी आहे, हे विसरलात की मेलात.) एका रात्री तर मेश एक्स्पोर्टरवरच संशय घेतला. तो आरशातल्या भागांचे त्रिकोण उलटे करतो हे खरं, मला तो कधीच आवडला नाही, पण या बाबतीत बिचारा निर्दोष निघाला.

सगळ्यात डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे, जमिनीवरूनच सुरू होणाऱ्या टेस्ट सिनारिओत (तयार करून ठेवलेल्या प्रसंगात) यान ढिम्म हलायचं नाही. कक्षेतून उडवत आणलं की मात्र नाच सुरू. यान तेच, डीएलएल (यानाचा कोड) तीच.

शेवटी कंटाळून डीबग स्ट्रिंगमध्ये (चुका शोधायला स्क्रीनवर दाखवायच्या ओळीत) वस्तुमान छापलं. टेस्ट सिनारिओ उघडला, स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात १०००. कक्षेतून उतरवलं, त्याच कोपऱ्यात ३००. कपाळावर हात मारला. खऱ्या सर्व्हेयरचंही असंच होतं, निघताना साधारण हजार किलो आणि चंद्रावर उतरताना सुमारे तीनशे, कारण रेट्रो मोटर वाटेतच टाकून द्यायची. माझ्या टेस्ट सिनारिओत रेट्रो सुटल्याचा फ्लॅग (कोडमधली खूण) वाचलाच जात नव्हता. म्हणजे मी तीन आठवडे हजार किलोचं यान चंद्रावर उभं करून "इथे तर काही होत नाही" म्हणत होतो.

आता कागदावर बसा. हजार किलो, पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण आणि २ सेंटिमीटर धरून डॅम्पिंग येतं पायामागे जवळपास २३,०००. तीन पायांचं मिळून ३०० किलोला भागलं तर २३०. एका फ्रेमच्या वेळात यानाचा वेग किती खोडला जाईल, हे बघायला या २३० ला फ्रेमरेटने भागायचं. उत्तर १ च्या आत असेल तर वेग मुकाट कमी होतो. १ ते २ मध्ये असेल तर वेगाची दिशा उलटते, पण जोर ओसरत जातो. २ च्या वर गेलं की प्रत्येक फ्रेमला वेग उलटतो आणि वाढतो. माझ्याकडे १४४ फ्रेम, उत्तर १.६, म्हणून थरथर. मित्राच्या जुन्या लॅपटॉपवर ३० फ्रेम, उत्तर ७.७, म्हणून अवकाशयात्रा! ऑर्बिटरचा आतला इंटिग्रेटर (गतीचं गणित करणारा भाग) माझ्या या बोटमोडीपेक्षा नक्कीच हुशार आहे, पण माझा फ्रेमरेट ३० वर बांधताच यान माझ्याकडेही उडालं. मला तेवढा पुरावा बस.

उपाय चार ओळींचा निघाला. रेट्रो सुटली की त्याच क्षणी, उडत असतानाच, टचडाऊन पॉइंट नव्याने द्यायचे. वस्तुमान ३००, गुरुत्वाकर्षण चंद्राचं १.६२, रुतणं ५ सेंटिमीटर. स्टिफनेस ३,२४० आणि डॅम्पिंग सुमारे १,७७५. मघाचं उत्तर ३० फ्रेमलाही ०.६ च्या आत येतं. ६० फ्रेमवर दहापट टाइम अ‍ॅक्सिलरेशन (सिम्युलेटरमधली वेळ पळवणं) लावलंत तर पुन्हा ३ च्या आसपास जाईल, तेव्हा उतरताना घाई करू नका, ही विनंती नाही, ताकीद आहे.

एक दुखणं उरलं. स्प्रिंग मऊ झाल्यामुळे चार मीटर प्रतिसेकंदाने आपटलं की पाय क्षणभर जवळजवळ वीतभर मातीत जातात. मी पुन्हा स्टिफनेस वाढवायला निघालो होतो, पण त्याच संध्याकाळी जुनी रेखाचित्रं चाळताना लक्षात आलं की खऱ्या यानाचे पाय ताठ नव्हतेच. त्यांना शॉक अ‍ॅब्सॉर्बर होते, खाली चुरडण्यासाठी अ‍ॅल्युमिनियमच्या मधमाश्यांच्या पोळ्यासारखे ठोकळे होते. धक्का बसला की पाय वर दुमडायचे. मग स्प्रिंगशी भांडायचं कशाला? जमिनीपासूनची उंची वाचून यान जेवढं खाली दबलंय, तेवढे पायाचे मेश ग्रुप वर फिरवायचे. पहिला पाय जोडून झालाय आणि तो दबताना इतका देखणा दिसतो, की काल मी उतरण्यापेक्षा आपटण्याचाच सराव जास्त केला. हे असलं काम फक्त आयएनआय फाइलवर होत नाही, स्पेसक्राफ्ट३ (कोड न लिहिता अशा फाइलवरून यान बनवायचं साधन) वाल्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

जमीन शांत झाल्यामुळे सर्व्हेयर ६ चा सिनारिओही लगेच जमला. १७ नोव्हेंबर १९६७ ला त्याची व्हर्नियर इंजिनं अडीच सेकंद चालवली होती, यान तीनेक मीटर वर उचललं गेलं आणि २.४ मीटर पश्चिमेला टेकलं. चंद्रावरून झालेलं ते पहिलं उड्डाण. माझ्या ३०० किलोला तेवढी उंची गाठायला तिन्ही इंजिनं मिळून सुमारे ७२० न्यूटन लागतात, आणि तेवढं त्यांच्या आवाक्यात आरामात बसतं. उडी झाल्यावर त्याच्या कॅमेऱ्याने स्वतःच्याच आधीच्या पायांचे ठसे टिपले होते, म्हणून ठशांचा वेगळा मेश करून जुन्या जागी ठेवलाय. कॅमेरा एमएफडी (कॅमेऱ्याचं दृश्य दाखवणारा कॉकपिटमधला पडदा) वळवला आणि ते तीन ठसे दिसले, तेव्हा तीन आठवड्यांचा राग गेला.

आता खरी मजा. यानंतर मी सोलर पॅनल फिरवण्याचं काम घेणार होतो. ते राहू दे, आधी सर्व्हेयर ३. एप्रिल १९६७ मध्ये त्याचा रडार गोंधळला, ४.३ मीटरवर बंद व्हायची इंजिनं चालूच राहिली आणि यान चक्क उसळलं, आधी सुमारे १० मीटर, मग ३, मग स्थिर. म्हणजे जे तीन आठवडे मोडून काढलं, तेच आता परत घडवायचं! दोन वर्षांनी अपोलो १२ चे अंतराळवीर त्याच्यापर्यंत चालत गेले आणि त्याचा कॅमेरा काढून परत घेऊन आले, तेव्हा नॅसपमध्ये (ऑर्बिटरमधल्या अपोलो उड्डाणांच्या प्रकल्पात) अपोलो १२ उडवणाऱ्यांसाठी ते यान तिथे उभं असलंच पाहिजे.

गणित मांडलं. इंजिनांचा जोर वजनाच्या ९० टक्के धरला तर १० मीटरसाठी जमीन सोडताना १.८ मीटर प्रतिसेकंद हवेत, ३ मीटरसाठी १. म्हणजे दुसऱ्या उसळीला वेगाचा साधारण ५५ टक्के भाग टिकला पाहिजे, आणि त्यासाठी माझं डॅम्पिंग आठव्या हिश्शावर आणावं लागतं. आणलं. दुसरी उसळी २.८ मीटर, झकास.

पहिली मात्र जमत नाही. माझ्या सिनारिओत यान दीडच्या वेगाने खाली येतं, ते १.८ ने वर कसं उसळेल? स्प्रिंग मिळाल्याहून जास्त परत देत नाही, तेव्हा त्या क्षणी जोर वजनाच्या वर गेला असला पाहिजे. काल इंजिनांचा जोर ठरवणारा लूप पाय टेकलेले असतानाही चालू ठेवून बघितला, तर यान एका पायावर कलंडलं आणि पॅनल घासत गेलं. हे लिहिता लिहिता वाटतंय की सपाट जमिनीवर करून बघणंच चूक आहे. खरं यान विवराच्या उतारावर टेकलं होतं, तिन्ही पाय एकदम लागलेच नसणार. आज रात्री उतार घालून बघतो.

तोवर कुणाकडे २० फ्रेमच्या वर न जाणारं जुनं मशीन असेल तर नवी डीएलएल चालवून कळवा. यान उडालं तर उंची सांगा.